‘हायड्रोसिल’ लिहिण्याआधी

गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा. त्या परिसरातला पन्नाशी ओलांडलेला एखादा शेतकरी ओपीडीत येतो. पडदा ओढेपर्यंत गुडघेदुखीचंच बोलतो आणि मग हळूच सांगतो, ‘‘दुखत त नाही जी, पण खाली जड लागते.’’ वर्धा जिल्हा हा फायलेरियाचा जुना पट्टा. अंडकोश सुजलेला दिसला की आपण ‘हायड्रोसिल’ लिहून मोकळे होतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. हे लिहितो आहे ते उरलेल्या थोड्या रुग्णांसाठी.

वृषणाचा कर्करोग भारतात मुळातच कमी, वर्षाला लाख पुरुषांत एकाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. पुस्तकात आपण तो तरुणांचा आजार म्हणून शिकलो, त्यामुळे पिकल्या केसांचा माणूस समोर असला की तो आठवतच नाही. पण याच वयात दोन वेगळे आजार गाठतात.

पहिला स्पर्मॅटोसिटिक ट्युमर. १९४६ साली पिएर मासाँ यांनी तो सेमिनोमाहून वेगळा काढला, तरी सेमिनोमाचं नाव त्याला पुढे कित्येक वर्षं चिकटून राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात ते सुटलं. तो हळूहळू वाढतो, दुखत नाही, रक्तातले ट्युमर मार्कर वाढवत नाही. न उतरलेल्या वृषणाशी त्याचा संबंध नाही. सूक्ष्मदर्शकाखाली लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन आकारांच्या पेशी दिसतात. सार्कोमाचा अंश नसेल तर तो क्वचितच पसरतो, आणि वृषण काढलं की बहुधा उपचार संपतात.

दुसरा लिम्फोमा. साठीनंतर वृषणात सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच. शस्त्रक्रियेनं तो संपत नाही. मेंदूत किंवा दुसऱ्या वृषणात पुन्हा उठतो. म्हणजे एकाला सेमिनोमा समजून नको ती किमोथेरपी द्यायची आणि दुसऱ्याला शस्त्रक्रियेनंतर घरी पाठवायचं, या दोन्ही चुका एकाच घाईतून होतात. ओसीटी-३/४ आणि सीडी-२० या तपासण्या त्यासाठीच आहेत. म्हणून वयस्क रुग्णाचा ब्लॉक आणि स्लाइड रुग्णासोबतच सेवाग्रामला, नागपूरला किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात जायला हव्यात.

पण हे सगळं पुढचं. खरा प्रश्न गावातल्या टेबलावर सुटतो. टॉर्च लावला आणि सूज लालसर उजळली, एवढ्यानं निर्धास्त होऊ नका. गाठीभोवतीही पाणी साचतं. पाण्यातून वृषण हाताला स्पष्ट लागत नसेल, तर हायड्रोसिलचं निदान अपुरं आहे, सोनोग्राफी हवीच. तोवर सुई लावून पाणी काढू नये. गाठीचा संशय असेल तर शस्त्रक्रियेआधी एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच तपासावं, आणि वृषण जांघेतल्या छेदातूनच निघावं, अंडकोशावर चिरा देऊन नव्हे. तो चिरा कर्करोगाच्या पेशींना नवी वाट करून देतो. ही चूक आपल्या हातून होते, रोगाच्या स्वभावातून नाही, म्हणून ती मला सर्वांत जास्त बोचते.

‘कॅन्सर’ शब्द ऐकून घरच्यांनी धीर सोडला तर त्यांना क्रिकेटपटू युवराज सिंगची आठवण द्या. त्याचा सेमिनोमा छातीत, दोन फुप्फुसांच्या मधे होता, पण घराणं वृषणाच्या सेमिनोमाचंच. १९७४ पासून सिसप्लॅटिननं या आजाराचं चित्र पालटवणारे लॉरेन्स आइनहॉर्न यांनी त्याच्यावर उपचार केले, आणि २०१२ मध्येच तो पुन्हा भारताकडून खेळला.

वाचक डॉक्टरांना एकच विनंती. उद्यापासून केसपेपरवर ‘हायड्रोसिल’ लिहाल तेव्हा त्यापुढे आणखी एक नोंद करा: वृषण हाताला लागलं, की नाही लागलं. नाही लागलं असेल, तर त्याच कागदावर सोनोग्राफी लिहा.