खाली पाणी एकच असते

सावद्याच्या केळीबागेत उभे राहून वाळवंटाची चर्चा करणे म्हणजे भरल्या ताटावर बसून दुष्काळाची कहाणी सांगण्यासारखे वाटेल. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि नजर पोहोचेल तिथवर केळी. तरीही वाळवंटी देशांच्या पाण्याविषयी जे जे वाचतो, त्यात मला आपलेच शिवार दिसते.

इस्राएलमध्ये समुद्राचे पाणी गोडे करतात. मोठ्या प्रकल्पात हजार लिटरला साधारण अर्धा डॉलर, म्हणजे चाळीस रुपयांवर खर्च येतो. आता आपला हिशेब मांडू. ऐन उन्हाळ्यात केळीच्या झाडाला ठिबकवरही रोज वीसेक लिटर पाणी लागते. एकरी दीड हजार झाडे धरली तर दिवसाला तीस हजार लिटर झाले. वाळवंटाच्या भावाने ते विकत घ्यायचे तर एकरी रोज बाराशे रुपये, चार महिन्यांत जवळजवळ दीड लाख! आपण मात्र वहीत पाण्यापुढे शून्य लिहितो. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीजही माफ आहे. मग ते शून्य अधिकच खरे वाटू लागते.

माझी नोकरी बँकेतली. विहिरी, पंप आणि बोअर यांच्या कर्जाची कितीतरी प्रकरणे माझ्या सहीने मंजूर झाली. सातबारा पाहिला, तारण पाहिले, केळीचा अंदाज पाहिला. जमिनीखाली किती पाणी आहे आणि त्यावर आधीच कितीजण तोंड लावून बसले आहेत, हे मात्र कधी विचारले नाही. निवृत्तीनंतर एक जुने खातेदार भेटले. दोन एकरांचे धनी. म्हणाले, “साहेब, तुम्ही माह्या बोअरले कर्ज दिलं, शेजारच्यालेबी दिलं. पानी तं खाली एकच होतं.” शेजाऱ्याने त्यांच्यापेक्षा खोल नेले आणि यांचा बोअर आटला. कर्ज मात्र आटले नाही. त्या माणसाच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

खोलीच्या या शर्यतीत शेवटी ज्याच्याकडे पैसा, त्याचे पाणी. आमच्या लहानपणी मोटेने विहिरीचे पाणी निघे. आज बोअरच्या गोष्टी शेकड्यांच्या फुटांत चालतात. केंद्रीय भूजल मंडळाच्या पाहण्यांत रावेर आणि यावल हे तालुके अतिउपशाचे म्हणून नोंदले गेले आहेत. सौदी अरेबियाने हेच केले. वाळूखालचे प्राचीन पाणी उपसून त्याने गहू पिकवला, परदेशी विकलाही. शेवटी २००८ साली सरकारी खरेदी टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा निर्णय घ्यावा लागला. त्यांच्याकडे तेल होते. आपल्याकडे केळी गेली तर काय आहे?

आता तापीच्या महापुनर्भरण योजनेची आशा आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तिचा करार झाला. तापीचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात, म्हणजे बझाड्यात, मुरवायचे ही तिची कल्पना. योजना अवश्य व्हावी. पण मुरलेले पाणी कोणी, किती उपसायचे हे आधी ठरले नाही, तर बँकेत एकाने भरणा करावा आणि चेकबुक सगळ्या गावाला वाटावे तशी गत होईल. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घालणारा भूजल कायदा २००९ चा आहे. बोअरच्या गाड्यांना तो कधी आडवा आल्याचे मी तरी पाहिले नाही.

धाक कायद्याचा नसला तरी शहाणपण आपल्या खानदेशातच आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी शेकडो वर्षे फड पद्धत चालली. कोणत्या फडात कोणते पीक, हे सर्वांनी मिळून ठरवायचे. पाटकरी पाणी फिरवणार. पाणी कमी, तर बागायत कमी, आणि झळ सगळ्यांनी सोसायची. पाणी मोजून वाटल्यामुळे त्याचा भरवसा होता.

भरवसा हीच पाण्याची खरी किंमत. केळी वर्षभराचे पीक. वैशाखात पंधरा दिवस पाणी तुटले तर आधीचे दहा महिने मातीत जातात. म्हणून माझे म्हणणे एवढेच: प्रत्येक बोअरला मीटर बसावे, उपशाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा, लहान शेतकऱ्याला लागेल तेवढे पाणी मोफत असावे आणि त्यापुढच्या उपशाला चढता दर असावा. तो पैसा गावाच्याच पुनर्भरणावर खर्च व्हावा. ‘शेतकऱ्यावर आणखी एक बोजा’ असे कोणी म्हणेल. पण आटलेल्या बोअरचे हप्ते भरणाऱ्या माणसावरचा बोजा मी टेबलाच्या पलीकडून पाहिला आहे. पाण्याचे बिल तो आजही भरतोच आहे. फक्त शेजाऱ्याच्या वाट्याचे भरतो आहे.