५०० फुटांची माफी, पण गटाराचा खर्च कोणाचा?

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर पूर्ण माफ आहे. १६ लाखांहून अधिक घरांना दिलासा. पालिकेचे वर्षाला ४०० कोटींहून अधिक उत्पन्न बुडणार, असा तेव्हाचाच अंदाज. जकात २०१७ मध्येच गेली, त्यामुळे हातचा मोठा कर हाच. जुने बिल काढून पाहा: सर्वसाधारण करासोबत मलनिःसारण, पथ कर, शिक्षण उपकरही त्यातच. शिवाय माफी क्षेत्रफळावर, उत्पन्नावर नाही. मलबार हिलचा ४९० फुटांचा फ्लॅट सुटतो, मानखुर्दचा ५१० फुटांचा पूर्ण कर भरतो. (मानखुर्दमध्ये ५१० फूट परवडले तर!) २०१९च्या निर्णयात फक्त सर्वसाधारण कर माफ होता. तेच बरे होते. गटार-रस्त्याचे पैसे तरी सगळ्यांकडून यायचे.