ढिगाच्या आत हात घालावा

माझ्या बहिणीचा मुलगा वणीला राहतो. दिवसा दुकानात नोकरी करतो आणि उरलेला वेळ त्याच्या पल्सर एनएस २०० ला देतो. बाईकला बाजारातले वेगळे सुटे भाग बसवायचे आणि ते कसे चालतात हे व्हिडिओत सांगायचे, हा त्याचा छंद. झरी, मुकुटबन, पाटणकडची बरीच पोरे त्याच्या शब्दावर सामान घेतात.

एका रविवारी असरनंतर तो आमच्याकडे आला. "खाला, आता एक कंपनी मला सामान फुकट पाठवते. फक्त छान रिव्ह्यू करायचा. एवढं मराठी नीट करून द्या ना."

सामानात एक सायलेन्सर आणि दोन बोटांनी दाबायची आखूड ब्रेक लिव्हर होती. कागदावर लिहिले होते: पॉवर वाढली, ब्रेक जबरदस्त, पैसे वसूल. मी लाल पेन उचलला खरा, पण शुद्धलेखनाआधी वेगळेच विचारावेसे वाटले.

"किती किलोमीटर चालवलीस?"

"कालच बसवलं. चाळीस-पन्नास झाले असतील."

"पॉवर वाढली हे कशाने मोजलंस?"

"आवाजावरून कळतं ना, खाला."

"आणि फुकट मिळालं, हे कुठे लिहिलंय?"

तो गप्प बसला.

इंजिनाची ताकद डायनो नावाच्या यंत्रावर मोजतात, कानाने नाही. लिव्हरचे तर शाळेच्या विज्ञानातच आहे. ती एक तरफ आहे. बोटे टेकूच्या जवळ आली की तेवढाच ब्रेक लावायला जास्त जोर लागतो. कोळशाच्या ट्रकांमागून जाणाऱ्या पोरासाठी हा फरक जिवाचा आहे.

पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांचा बाजारातला प्रसंग आपल्या घरांत लहानपणापासून सांगितला जातो. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओला माल वर का ठेवला नाही, म्हणजे लोकांना दिसला असता, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले. भाच्याला मी म्हटले, "बेटा, तू व्यापारी नाहीस. लोकांच्या वतीने ढिगात हात घालणारा आहेस. आतली ओल तूच लपवलीस तर?"

देशाचा कायदाही हेच सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कंपनीशी असलेला संबंध उघड करावा लागतो, आणि फुकट मिळालेली वस्तू हाही संबंधच.

त्याने तीन आठवडे मागून घेतले. रोज वणी-मुकुटबन रस्त्यावर गाडी चालवली, वहीत लिहून ठेवले. पहिल्या पावसात ओल्या बोटांना आखूड लिव्हरवर नेहमीपेक्षा जोर लावावा लागला. तिसऱ्या आठवड्यात तिचा खिळा सैल होऊन खुळखुळू लागला. सायलेन्सरने गल्लीतली दहावीची मुले अभ्यासावरून उठली. आवाजाची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लायसन्सही तीन महिने जाते. हे त्यालाही ठाऊक नव्हते.

नवा व्हिडिओ त्याने असा सुरू केला: "हे सामान मला कंपनीने फुकट दिलं आहे." लिव्हर हाताला चांगली बसते, फिनिशिंग सुबक आहे, हेही सांगितले. मग खुळखुळ ऐकवली. दोन्ही वस्तू काढून मूळ सामान परत बसवले आणि तेही दाखवले.

पुढचे पार्सल अजून आलेले नाही. बहीण माझ्यावर थोडी नाराज आहे: "आपा, पोराचं नुकसान केलंत." असेलही. पण मागच्या आठवड्यात पाटणच्या एका मुलाने त्याला फोन केला. तीच लिव्हर घ्यायला त्याने कापूस वेचणीच्या मजुरीतून पैसे साठवले होते. आता तो त्या पैशांत आयएसआय मार्कचे हेल्मेट घेणार आहे.

तुमच्या घरातला मुलगा असा व्हिडिओ पाहून काही मागत असेल, तर रागावू नका. शेजारी बसून तो व्हिडिओ पाहा आणि विचारा: सांगणाऱ्याने किती दिवस वापरलं? कशाने मोजलं? आणि पैसे कोणी दिले?