प्लॅटिनमचे नाणे : खरेदी सोपी, विक्री अवघड

२०२५ साली प्लॅटिनमचा भाव वर्षभरात दुपटीच्या वर गेला आणि तेव्हापासून आमच्या कापडबाजारातही या पांढऱ्या धातूची चर्चा सुरू झाली. सोने हाताबाहेर गेले, आता प्लॅटिनमची नाणी घेऊन ठेवा, असा सल्ला ज्याला त्याला मिळत आहे. सल्ला देणाऱ्यांपैकी किती जणांनी असे नाणे विकून पाहिले आहे, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

माल खोटा नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. १९८३ साली आइल ऑफ मॅनने ‘नोबल’ हे प्लॅटिनमचे नाणे काढले. १९८८ मध्ये कॅनडाचे मेपल लीफ आणि ऑस्ट्रेलियाचे कोआला आले. अमेरिकेचे ‘ईगल’ १९९७ चे. त्यात एक औंस धातू, शुद्धता हजारात ९९९.५, आणि वर किंमत छापलेली १०० डॉलर. धातूची किंमत त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे तो आकडा नावापुरताच. रशियाच्या झारने मात्र १८२८ पासून प्लॅटिनमचे खरेखुरे चलनी रुबल पाडले होते. १८४५ साली ते बंद करून परत मागवावे लागले. धातूचा भाव खाली आला तर बाहेर नकली नाणी पाडून आत आणली जातील, ही धास्ती होती.

आता भावाचा हिसाब पाहा. मार्च २००८ मध्ये प्लॅटिनम औंसाला २,२०० डॉलरच्या वर होते, सोने १,००० च्या आसपास. त्याच वर्षी ऑक्टोबर संपेपर्यंत प्लॅटिनम ८०० च्या आसपास घसरले. ज्याने मार्चमध्ये नाणे घेतले त्याला आपला भाव पुन्हा दिसायला २०२५ चा डिसेंबर उजाडावा लागला. दरम्यान सोने २०२५ च्या ऑक्टोबरात ४,००० पार झाले होते. सतरा वर्षांत घरात किती लग्ने, किती आजारपणे होतात याचा विचार वाचकांनीच करावा.

याचे कारण उघड आहे. सोने देशोदेशींच्या मध्यवर्ती बँका तिजोरीत ठेवतात. प्लॅटिनम हा कारखान्याचा माल आहे. त्याचा मोठा गिऱ्हाईक मोटारधंदा, धुराड्यातला विषारी वायू मारण्यासाठी, आणि त्यातही डिझेलची गाडी. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण उघडकीस आले, डिझेलची पत गेली, तशी प्लॅटिनमचीही गेली. खाणीतून निघणाऱ्या मालाचा सुमारे सत्तर टक्के हिस्सा एकट्या दक्षिण आफ्रिकेचा. तिथे संप झाला की भाव वर, मोटारींचा खप बसला की खाली. कापसाचा तजुर्बा असलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको.

विक्रीची अडचण याहून मोठी. सोन्याचे वळे कुठल्याही गावचा सराफ कसोटीवर घासून घेतो आणि मुशीत वितळवतो. सोने १,०६४ अंशांना वितळते, प्लॅटिनमला १,७६८ अंश लागतात. साध्या भट्टीचे ते काम नव्हे. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने नाणे तीन पेढ्यांवर नेले. दोघांनी हातात घेऊन परत दिले, तिसऱ्याने इतका भाव पाडून मागितला की ते नाणे अजून त्याच्याच कपाटात आहे. सोन्याच्या दागिन्यांना २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, प्लॅटिनमला तशी सक्ती नाही. अडीनडीला दागिना गहाण ठेवून कर्ज मिळते, या नाण्यावर कोण देणार? शिवाय खरेदीवर भरलेला तीन टक्के जीएसटी गेला तो गेलाच. आयात शुल्क जुलै २०२४ मध्ये १५.४ वरून ६.४ टक्क्यांवर आले, तेव्हा आधी घेतलेल्यांच्या मालाची किंमत रातोरात उतरली, हेही विसरू नये.

संग्राहकाची गोष्ट वेगळी आहे. ‘ईगल’च्या प्रूफ नाण्यावर पाठीमागचे चित्र बदलत असते. ती हौस आहे आणि हौसेला मोल असते. पण प्रूफचे जादा पैसे कारागिरीचे असतात, धातूचे नव्हेत. ते परत मिळायला दुसरा हौशीच भेटावा लागतो. मुलीच्या लग्नाचा पैसा त्यात घालणे आमच्या मते नादानी आहे.

तरीही घ्यायचेच असेल तर प्रूफ नको, साधे नाणे घ्यावे आणि पूर्ण औंसाचे घ्यावे. आमच्याकडे कटपीस थानापेक्षा स्वस्त पडतो, इथे उलटे आहे. औंसाचा दहावा भाग घेतला तर ग्रॅममागे घडणावळ जास्त पडते. पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला एकच विचारावे की, हेच नाणे आज संध्याकाळी परत आणले तर किती देशील? तो आकडा बिलाच्या मागे लिहून, सही करून घ्यावा. लिहून द्यायला तयार नसेल तर पुढच्या दुकानात जावे. नाणे बंद पाकिटातून बाहेर काढू नये आणि बिल जपून ठेवावे.