आकडा आल्यावर पुढे काय

तीस-पस्तीस वर्षं उभ्या असलेल्या आरसीसी खांबावर रिबाउंड हॅमर मारला की बऱ्याचदा आकडा चांगला येतो. सोसायटीच्या सभेत तो वाचून दाखवला जातो, लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि दुरुस्तीचा विषय पुढच्या वर्षावर जातो. तो आकडा खोटा नसतो. पण ज्या कारणाने तो चांगला आलेला असतो, तेच कारण आतला गज कुजवत असू शकतं, हे त्या सभेत सहसा कोणी सांगत नाही.

हॅमर म्हणजे आत स्प्रिंग बसवलेली जाड नळी. खांबाचं प्लॅस्टर काढायचं, खालचं काँक्रीट घासदगडाने साफ करायचं आणि नळीचं टोक त्यावर दाबायचं. आतलं वजन सुटतं, टोकावर आदळतं आणि मागे उसळतं. उसळी जितकी जास्त, तितका पृष्ठभाग टणक. एकाच जागी थोड्या थोड्या अंतरावर असे ठोके घेऊन सरासरी काढतात. आता नव्या काँक्रीटचा पीएच साडेबाराच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, आणि त्या वातावरणात गजावर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत जातो, काँक्रीटमधल्या चुन्याशी त्याचा संयोग होतो आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. यातून दोन गोष्टी एकदमच घडतात. बाहेरचा थर आणखी टणक होतो, आणि त्याचा पीएच नऊच्या खाली उतरतो. टणकपणामुळे हॅमरचा आकडा वाढतो. पीएच उतरत उतरत गजापर्यंत पोचला की गजाचं कवच जातं. अशा जुन्या पृष्ठभागावर हॅमरवरून काढलेली ताकद खऱ्यापेक्षा ५० टक्क्यांपर्यंत जास्त दिसू शकते, असं या चाचणीच्या भारतीय मानकातच बजावलेलं आहे. एरवीसुद्धा हा अंदाज २५ टक्के इकडेतिकडे धरावा, असंही त्यात आहे. हा इशारा १९९२च्या मानकातच होता, म्हणजे ही माहिती नवी नाही.

दुसरी नेहमीची चाचणी अल्ट्रासोनिक पल्सची. खांबाच्या एका अंगाला ग्रीस लावून एक प्रोब, समोरच्या अंगाला दुसरा, आणि ध्वनीची लहर किती वेळात पार होते त्यावरून वेग. सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट उत्तम, साडेतीन ते साडेचार चांगलं, त्याखाली आलं की शंका घ्यायची. पोकळ्या, भेगा, नीट न भरलेलं काँक्रीट शोधायला ही पद्धत खरोखर कामाची आहे. पण ती काँक्रीट तपासते, गज नाही. गजावर गंज चढून काँक्रीटला तडा जाईपर्यंत लहरीच्या वेगात फारसा फरक पडत नाही. काँक्रीट ओलं असेल तर वेग उलट वाढलेला दिसतो. भर पावसाळ्यात गळक्या इमारतीचा आकडा उन्हाळ्यापेक्षा बरा येऊ शकतो.

ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण हा सगळा पट्टा खाडीच्या कडेने वाढला. मुंब्र्याजवळ रेतीबंदर आहे, डोंबिवलीत मोठागावला आहे, कल्याणलाही आहे. या नावांमागे कित्येक वर्षांचा धंदा आहे, आणि खाडीतून उपसलेली रेती गोड्या पाण्याने नीट धुतली नाही तर तिच्यासोबत क्लोराइड थेट काँक्रीटमध्ये जातं. आरसीसीमध्ये घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड नको, असं भारतीय मानक सांगतं. आपल्याकडच्या जुन्या इमारतींपैकी किती या मर्यादेत बसतील, हे तपासल्याशिवाय कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि बहुतेक ठिकाणी ते तपासलं जात नाही. क्लोराइडचा घात कार्बोनेशनपेक्षा वेगळा असतो. पीएच चांगला असतानाच ते गजाचा थर जागोजागी फोडतं. फिनॉल्फ्थॅलीन फवारल्यावर काँक्रीट छान गुलाबी दिसतं, म्हणजे अल्कधर्मी आहे असा त्याचा अर्थ, आणि तरीही त्या गुलाबी काँक्रीटच्या आत गजाला खड्डे पडत असतात. ते कळायला गजाला तार जोडून केलेली हाफ-सेल पोटेन्शियल चाचणी लागते, आणि ड्रिलने काढलेली भुकटी प्रयोगशाळेत पाठवावी लागते. हाफ-सेलचं वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही पलीकडे गेलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. या दोन चाचण्यांना वेळ लागतो, पैसे लागतात आणि थोडी तोडफोड करावी लागते. म्हणून खर्च कमी करायची वेळ आली की आधी त्याच गळतात. ज्या गावाची हवा खारी आणि रेतीही खारी, तिथे याच चाचण्या सोडून देणं मला सर्वांत धोकादायक वाटतं.

आणखी एक गोष्ट अहवालातल्या कोष्टकांत दिसत नाही: चाचणी कुठे घेतली. पार्किंगमधले खांब, जिना, गच्ची, जिथे सहज हात पोचतो तिथली वाचनं भरपूर असतात. गज सर्वांत आधी कुजतात ते संडास-बाथरूमच्या खाली, जिथे कोब्याखाली पाणी वर्षानुवर्षं साचून राहतं. ते स्लॅब लोकांच्या राहत्या घरात असतात. वरच्या घरातली फरशी उचलू देत नाहीत, खालच्या घरात फॉल्स सीलिंग असतं. स्लॅबची पल्स चाचणी नीट करायची तर वरून आणि खालून, दोन्ही घरांतून करावी लागते. ते जमलं नाही की एकाच बाजूने केलेल्या मोजमापावर भागवतात, आणि तसं मोजमाप सरळ आरपार मोजण्याइतकं भरवशाचं नसतं. मग दुरुस्तीचा ठराव होतो तेव्हा बाहेरून प्लॅस्टर, रंग आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

याच शहरांच्या मधोमध दुसरी एक यंत्रणा रोज असल्याच लहरींनी लोखंड तपासत असते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. आज त्या मार्गावर रुळांची अल्ट्रासोनिक तपासणी करणारी माणसं हाताने ढकलायची गाडी घेऊन चालत असतात. प्रोब आणि रूळ यांच्यात हवा राहू नये म्हणून वाटेत पाण्याची धार सोडलेली असते, पडद्यावर लहरींचे सुळके उमटतात. सरळ खाली जाणारा प्रोब आडव्या चिरा शोधतो, ७० अंशांचा प्रोब रुळाच्या माथ्यात दडलेले उभे तडे शोधतो, ३७ अंशांचा बोल्टच्या भोकांजवळच्या भेगा. हिवाळ्याच्या पहाटे रूळ आकसतो, जोडांवर ताण येतो, आणि आत लपलेली चीर उघडी पडते. थंडीत बदलापूर-वांगणीकडून किंवा कसाऱ्याकडून ‘रुळाला तडा’ ही बातमी येते ती यामुळे.

या तपासणीलाही आंधळा कोपरा आहे. लहर रुळाच्या माथ्यावरून खाली सोडली जाते, त्यामुळे रुळाच्या पायाचे दोन्ही बाजूंना पसरलेले कडेचे भाग तिच्या टप्प्यात येत नाहीत. दमट, खाऱ्या हवेत गंज धरतो तो नेमका तिथे, रूळ धरणाऱ्या क्लिपखालच्या लायनरच्या खाली. म्हणजे यंत्राची मर्यादा रेल्वेलाही चुकलेली नाही.

तरीही रेल्वेने एक गोष्ट बरोबर केली आहे. वाचन आलं की त्यापुढे काय करायचं हे आधीच लिहून ठेवलेलं आहे. दोष ‘आयएमआर’ म्हणजे तात्काळ बदलण्याच्या वर्गात गेला की रुळाच्या पोटावर लाल रंगाने तीन फुल्या मारतात, गाडीचा वेग लगेच ताशी ३० किलोमीटरवर आणतात, फिशप्लेटा आवळतात, आणि तीन दिवसांच्या आत तो तुकडा बदलायचा असतो. तोवर रूळ तपासत चालणाऱ्या कीमनची नजर. ‘ओबीएस’, म्हणजे लक्ष ठेवण्याच्या वर्गाला एक फुली. या नियमात सभा नाही, ठराव नाही, कोणाच्या सहीची वाट पाहणं नाही. तपासणी किती दिवसांनी करायची हेही रुळाच्या वयावर ठरत नाही; त्यावरून किती टन वजन गेलं, यावर ठरतं.

असा नियम पाळला नाही की काय होतं, ते ब्रिटनमध्ये हॅटफील्डला १७ ऑक्टोबर २००० रोजी दिसलं. वेगात जाणाऱ्या गाडीखाली रुळाचे तुकडे झाले आणि चार जण गेले. त्या जागी रूळ खराब आहे हे आधीच कळलेलं होतं, बदलायचा रूळसुद्धा जागेवर आणून ठेवला होता. तो बसवला मात्र नव्हता.

आपल्याकडे पुलांच्या बाबतीत २०१८ नंतर थोडी हालचाल झाली. त्या वर्षी ३ जुलैला अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला आणि मुंबई परिसरातल्या जुन्या पुलांची तपासणी सुरू झाली. कल्याणचा १९१४चा पत्रीपूल ऑगस्टमध्ये बंद झाला, नोव्हेंबरमध्ये पाडला. नवा सुरू झाला जानेवारी २०२१मध्ये. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला, तो दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२१मध्ये उघडला. त्या काळात पूर्वेकडून पश्चिमेला जायचं म्हणजे काय हाल होते ते डोंबिवलीकरांना सांगायला नको. पूल घाईने बंद केला असं तेव्हा खूप जण म्हणत होते. माझं मत उलट आहे. त्या दोन पुलांबाबत अहवालाला मान मिळाला, रहदारीची गैरसोय पत्करून मिळाला, म्हणून ते पूल माणसांवर पडले नाहीत.

ज्या पुलांच्या अहवालाला मान मिळाला नाही, किंवा ज्यांची तपासणीच चुकली, त्यांची नावं महाराष्ट्राला पाठ आहेत. महाडजवळ सावित्रीवरचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री वाहून गेला, दोन एसटी बस घेऊन. त्याच वर्षी मे महिन्याच्या पाहणीत तो ठीक ठरला होता. सीएसएमटीजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ला पडला; ऑडिटमध्ये त्याला किरकोळ दुरुस्ती सुचवली होती. या दोन्ही ठिकाणी कागद होता. पाण्याखालचा पाया आणि पोलादाचा आतला गंज त्या कागदात आला नव्हता.

इमारतींकडे वळलं की परिस्थिती यापेक्षाही अवघड होते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. त्यावरून वर्ग पडतात: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची, सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी माणसं राहत असताना दुरुस्त करायची, सी-३ किरकोळ. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पालिका यादी काढतात, नोटिसा बजावतात. आणि यादीतल्या कित्येक इमारतींत पावसाळाभर दिवे लागलेले असतात. कारण सी-१ शिक्क्याबरोबर ‘आज रात्री झोपायचं कुठे’ याचं उत्तर येत नाही. पागडीच्या घरातल्या भाडेकरूला वाटतं, एकदा बाहेर पडलो की हक्क गेला. मालकाला इमारत रिकामीच हवी असेल तर तो आपल्या अभियंत्याकडून सी-१ आणतो, भाडेकरू दुसऱ्याकडून सी-२बी आणतात, आणि एकाच खांबाचे दोन अहवाल समोरासमोर उभे राहतात. अभियंत्याला पैसे कोण देतं यावर खांबाची ताकद ठरू लागली तर सगळी यंत्रं व्यर्थ आहेत.

२०१५मध्ये ठाकुर्लीची मातृछाया इमारत जुलैच्या अखेरीस कोसळली, नऊ जण गेले. आठवडाभरात, ४ ऑगस्टला पहाटे, ठाण्यात नौपाड्याच्या बी-केबिन भागातली कृष्णा निवास कोसळली, बारा गेले. २० मे २०२५ला कल्याण पूर्वेत चिकणीपाड्यातल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब खाली आला, एकेक मजला फोडत गेला आणि सहा जणांचा जीव गेला. जुन्या स्लॅबवर फरशी उखडण्याचे हादरे, वर वाळू-सिमेंट आणि नव्या लाद्यांचं वजन. घराघरांत हे काम दिवाळीच्या आधी चालतं. त्यासाठी इंजिनियरला विचारायचं असतं, ही पद्धतच आपल्याकडे रुजलेली नाही.

अहवालाकडून काही साध्या गोष्टी मागता येतील. प्रत्येक वाचन इमारतीच्या नकाशावर, कोणत्या खांबावर, कोणत्या घरात, कोणत्या तारखेला, हे दाखवलेलं असावं. जिथे तपासू दिलं नाही तेही तितक्याच ठळकपणे लिहावं. कार्बोनेशन किती खोल गेलं आणि क्लोराइड किती, हे नसेल तर खाडीपट्ट्यात तो अहवाल अपुरा मानावा. आणि वर्ग ठरला की रेल्वेसारखी मुदत त्याला बांधलेली असावी: किती दिवसांत टेकू, किती दिवसांत घरं रिकामी, तोवर राहायची जागा कोणती, आणि परत येण्याचा हक्क लेखी. पालिकेची संक्रमण घरं पुरेशी नसतील तर सी-१ची नोटीस म्हणजे स्वतःची जबाबदारी झटकून रहिवाशाच्या दारावर चिकटवलेला कागद.

तीस वर्षांची अट मात्र मुळातूनच तपासायला हवी. शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत ४ एप्रिल २०१३ला पडली तेव्हा तिचं बांधकामसुद्धा पुरं झालेलं नव्हतं. ७४ माणसं गेली. विरारची रमाबाई अपार्टमेंट २७ ऑगस्ट २०२५ला कोसळली, तिला तीस वर्षं व्हायला अजून खूप अवकाश होता; सतरा जण गेले. या दोन्ही अनधिकृत होत्या. खाऱ्या रेतीला आणि कमी सिमेंटला कायद्यातलं वय ठाऊक नसतं. आणि कल्याण, डोंबिवली, दिवा, मुंब्रा या भागांत अशा इमारतींत राहणारी कुटुंबं स्वतःहून इंजिनियर बोलवत नाहीत, कारण अहवाल पालिकेपर्यंत गेला तर घर पाडायची नोटीस येईल ही भीती. खांबाला भेग दिसली की तिच्यावर पुट्टी लिंपतात. पालिकेने या घरांची तपासणी आपल्या खर्चाने करावी, तिचे निष्कर्ष बांधकाम अधिकृत की अनधिकृत या वादात पुरावा म्हणून वापरले जाणार नाहीत असं लेखी द्यावं, आणि सुरुवात खाडीलगतच्या, गेल्या वीस वर्षांत घाईने उभ्या राहिलेल्या इमारतींपासून करावी.