सरकारला कधी घाई असते का?

मी सरकारी कारकून. वीस वर्षं जावक क्रमांक घालतोय, म्हणून सांगतो: ‘दोन तासांत पैसे भरा’ असं सरकार कधी लिहीत नाही! मार्च २०२५ मध्ये आमच्या खानापूर तालुक्यात, बिडी गावी, वृद्ध दांपत्याला ‘डिजिटल अटके’ची भीती घालून ५० लाखांवर लुबाडलं. दोघांनी जीव दिला. कायद्यात अशी अटकच नाही.

ते फोनवर घडलं. ईमेलही तीच भीती घालते. सीमाभागात कानडी नोटिसांना आधीच दबकणारे आम्ही, ‘सरकारी’ म्हटलं की वाचण्याआधीच घाबरतो. ‘ॲट’च्या खुणेपुढचा पत्ता वाचा, शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ वा ‘एनआयसी डॉट इन’ नसेल तर टिचकी मारू नका. कुणालातरी दाखवा. पैसे गेलेच तर न लाजता लगेच १९३० ला कळवा. घाई चोराला असते.