मेनूकार्ड ज्येष्ठांच्याही हाती असू द्या

तर्री पोहे कोठे चांगले मिळतात, हा प्रश्न नागपुरात चार जणांना विचारावा आणि पाच उत्तरे ऐकावीत. एकाला कस्तूरचंद पार्कजवळच्या गाडीवरची तर्री प्रिय, दुसऱ्याला आपल्या वस्तीतील चौकातली. तिसरा म्हणतो, पूर्वीची चव आता राहिली नाही. या वादाचा निकाल कधी लागत नाही आणि तो लागावा अशी कोणाची इच्छाही नसते. मित्रांसोबत खावे आणि खाल्ल्यावर त्याची पारख करावी, यात जेवणाइतकाच आनंद आहे.

वय सत्तरीकडे झुकले, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी सुरू झाली, की या आनंदातून ज्येष्ठ हळूहळू वगळले जातात. कुटुंब उपाहारगृहात जाते. मेनूकार्ड मुलगा वाचतो, पदार्थ सून सांगते आणि बाबांसमोर न विचारता दहीभात येतो. हेतू प्रेमाचाच असतो. तरीही ज्यांनी पन्नास वर्षे घर चालवले, त्यांना स्वतःच्या ताटाविषयी कोणी विचारीत नाही, हे मनाला लागल्यावाचून राहत नाही. काही दिवसांनी ते म्हणू लागतात, "तुम्ही जाऊन या, मला भूक नाही." घरातील काळजी घेणाऱ्यांनी या वाक्याची दखल घ्यावी.

उतारवयात वास आणि चव यांची जाण मंदावते, तहान कमी लागते, दात साथ देत नाहीत. त्यात एकट्याने जेवण्याची भर पडली की अन्न आणखी कमी जाते आणि नकळत वजन उतरते. या वयात विनाकारण घटणारे वजन हे वाढत्या वजनाइतकेच चिंतेचे असते. चार माणसांच्या पंगतीत दोन घास अधिक जातात, हा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे. एकटेपणाचा प्रश्न इतका गंभीर आहे की जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक संबंध या विषयासाठी स्वतंत्र आयोग नेमला. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे : आजाराने ताटातील प्रमाण ठरवावे, निवड आणि मत मात्र ज्येष्ठांकडेच राहू द्यावे.

यासाठी एक सोपा उपक्रम सुचवितो. चार ते सहा समवयस्कांनी पंधरा दिवसांतून एकदा एकत्र जेवावयास किंवा न्याहारीस जावे. ठिकाण दर वेळी एकाने निवडावे. सोबत एक वही ठेवावी आणि परतण्यापूर्वी प्रत्येकाने गुण द्यावेत. चव आणि ताजेपणा यांना गुण असतीलच; त्यांच्या जोडीला आपल्या वयाच्या गरजांचे रकानेही आखावेत.

पहिला रकाना पायऱ्यांचा. सीताबर्डीसारख्या जुन्या बाजारपेठेत जिना चढून गाठावी लागणारी उपाहारगृहे आहेत. तेथे कठडा आहे का, पायरी अरुंद आहे का, हे पाहावे. दुसरा खुर्चीचा : तिला हात असावेत आणि ती फार खोल नसावी, म्हणजे उठताना गुडघ्यांवर ताण येत नाही. तिसरा स्वच्छतागृहाचा. लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांस किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांस हा प्रश्न सर्वांत आधी भेडसावतो. तेथील फरशी कोरडी आहे का, तेही टिपावे. चौथा गोंगाटाचा. श्रवणयंत्र लावणाऱ्या व्यक्तीला मोठ्या आवाजातील संगीतात शेजारच्याचे बोलणे कळत नाही आणि ती गप्पांतून बाहेर पडते. कोपऱ्यातील, भिंतीलगतची जागा मागून घ्यावी. शेवटचा रकाना ऐकून घेण्याचा : "मीठ बेताचे, तेल कमी" असे सांगितल्यावर वाढणारा मान डोलावतो, की खरोखर तसे करवून आणतो? माझ्या मते या रकान्याला सर्वाधिक गुण असावेत.

जाण्यायेण्याचाही विचार हवा. नागपूर मेट्रोच्या स्थानकांवर उद्वाहक आहेत. शंकरनगर, एलएडी चौक, सीताबर्डी, कस्तूरचंद पार्क ही स्थानके खाण्याच्या ठिकाणांपासून फार दूर नाहीत. वैशाखात आपल्या शहराचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत दुपारचा बेत टाळून सकाळी आठची न्याहारी किंवा सूर्यास्तानंतरचे लवकरचे जेवण ठरवावे.

आता पदार्थांकडे वळू. तर्री पोहे खायचेच असतील तर तर्री वेगळ्या वाटीत मागावी. वर तरंगणारे लाल तेल बाजूला सारून खालचे हरभरे घ्यावेत. त्यांत प्रथिने आहेत, तंतू आहेत. वरची शेव आणि चिवडा कोरडा असतो. गिळण्यास त्रास होणाऱ्यांनी, विशेषतः अर्धांगवायूतून सावरणाऱ्यांनी, तो टाळावा.

सावजी भोजनाशिवाय नागपूरची खाद्ययात्रा पुरी होत नाही. हे मुळात हलबा कोष्टी या विणकर समाजाचे जेवण. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या आणि घरोघरच्या हातमागांच्या या शहरात, कष्टकऱ्यांच्या वस्त्यांतून हा झणझणीत रस्सा वाढला गेला. पूर्वी त्यात जवसाचे तेल वापरीत. गोळीबार चौक आणि जुन्या नागपुरातील भोजनालयांत आजही त्या चवीचे चाहते जातात. दिवसभर माग चालविणाऱ्या देहाला पचणारा तो रस्सा बैठ्या सत्तरीला तितकाच मानवेल असे नाही. आम्लपित्त, मूळव्याध किंवा पोटातील व्रण असणाऱ्यांनी त्याच्या वाटेस जाऊ नये. इतरांनी पाटोडीचा रस्सा चौघांत एक मागवावा, पाटोडी घ्यावी, रस्सा भाकरीला लागेल इतकाच घ्यावा आणि वाद मात्र मनसोक्त घालावा. पुडाची वडी, म्हणजे आपली सांबारवडी, तळलेली असल्याने अर्धी पुरे. संत्रा बर्फीचा एक तुकडा चौघांत वाटला तर मधुमेहीही पंगतीतून उठत नाही. मात्र त्या जेवणातील भात किंवा पोळी तेवढी कमी करावी.

मिठाचे भान विशेष ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे. म्हणजे लहान चमचाभराहूनही कमी. पापड, लोणचे, शेव, फरसाण आणि रस्सा एकाच ताटात आले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. यांपैकी एक निवडावे, बाकीचे नाकारावेत.

इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी काही औषधे जेवणापूर्वी घेतात. उपाहारगृहात ताट येण्यास उशीर झाला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. बाहेर जेवताना औषध नेमके केव्हा घ्यावे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे आणि खिशात साखरेची पुडी बाळगावी. भरपेट जेवणानंतर, साधारण दोन तासांपर्यंत, अनेक ज्येष्ठांचा रक्तदाब उतरतो. ताटावरून लगबगीने उठल्यास डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडण्याचा धोका असतो. बिल दिल्यानंतर पंधरावीस मिनिटे गप्पा माराव्यात, मग सावकाश उठावे. गुण देण्याचे काम याच वेळेत उरकते.

स्वच्छतेची पारख डोळ्यांनी करता येते. उकळती तर्री आणि तव्यावरून उतरलेली भाकरी तुलनेने सुरक्षित; उन्हाळ्यात तासन्‌तास उघडी राहिलेली चटणी आणि कापून ठेवलेली फळे टाळावीत. उपाहारगृहात दर्शनी भागी अन्न सुरक्षा विभागाचा चौदा अंकी परवाना क्रमांक लावलेला असावा. तो पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आता दोन शब्द काळजी घेणाऱ्यांसाठी. पथ्याची चर्चा घरी, निघण्यापूर्वी आणि ज्येष्ठांना सामील करून करावी. चारचौघांत ताटावरून बोलू नये. "आई, हे चालणार नाही" असे म्हणण्याऐवजी "आई, या दोहोंपैकी काय घेणार?" असे विचारावे. स्मृतिभ्रंश असणाऱ्यांसही दोन पर्यायांतून निवड करणे बहुधा जमते. चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्यांसाठी आधी दूरध्वनी करून तळमजल्यावरची जागा सांगून ठेवावी. ज्यांना घराबाहेर पडणेच शक्य नाही, त्यांच्याकडे मित्रांना बोलवावे, पदार्थ घरी आणावेत आणि वही त्यांच्या हाती द्यावी. "आलूबोंड्यात मीठ जास्त आहे, दहापैकी चार" असा शेरा त्या हाताने लिहिला, तर तो घास पोटाला आणि मनाला, दोन्हींना लागला असे समजावे.

येत्या पंधरवड्यासाठी एक जुनी वही काढा, सहा रकाने आखा आणि जे मित्र बरेच दिवसांत भेटले नाहीत, त्यांना आजच दूरध्वनी करा. पहिल्या ठिकाणाची निवड मात्र आपल्यातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीवर सोपवा.